डावा अंगठा

९ जून

दादा,

हे बरं आहे तुझं. चार पत्रं मी लिहायची आणि उत्तर वहिनींनी द्यायचं. त्यातही तुझी म्हणून एकच ओळ: 'नेलाच आहे तर फोडून टाक म्हणावं.' का फोडू? भुंगा माझा आहे. बाबांना तू काय सांगायचं ते सांगितलंस, पण तो ड्रोन विकत आणला मी, पंखे बसवले मी, भुंगा हे नावही मीच ठेवलं. तू तर त्याला मिक्सर म्हणायचास. आपली वस्तू घेऊन माणूस कामाला गेला तर 'पळून गेला' म्हणतात का? मी रीतसर तिकीट काढून, खिडकीशी बसून आलोय.

आणि हाताचं म्हणशील, तर हात तू पुढे केलास. हे मी नाही म्हणत. त्या दिवशी बाबा धावत गच्चीवर आले तेव्हा तूच म्हणालास, 'मीच आणला, मीच उडवत होतो, मीच हात घातला.' मी शेजारी उभा होतो. मी फक्त गप्प बसलो. गप्प बसण्याला शिक्षा असती तर आपलं अख्खं घर आत असतं.

जाऊ दे. भांडायला बसलो नव्हतो. म्हणजे बसलो होतो, पण एवढं लिहूनच दमलो.

इथे सगळ्यालाच दमायला होतं. आमचा कॅम्प चौदा हजार फुटांवर आहे. पत्र्याच्या सहा खोल्या, एकेका खोलीत आठ जण. विजेची मोठी लाइन डोंगरापलीकडे न्यायची आहे, तिचे टॉवर उभे करायचे काम. मी चकत्या वाहतो. तारा ज्यांना टांगतात त्या चिनी मातीच्या जाड चकत्या. एका वेळी दोन, चढावर. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. मी वाकतच नाही आता, नाड्या आत खोचून टाकतो. माझ्या शेजारच्या खाटेवर पैलवान असतो. त्याला पैलवान म्हणतात कारण तो इतका काटकुळा आहे की वारा सुटला की मुकादम त्याला म्हणतो, 'तू आज आतच बस, उडालास तर हजेरी कोणाच्या नावावर लावू?'

भुंगा बाहेर काढला नाही अजून. पिशवीतच आहे. वहिनींना सांग, पोचलं पत्र.

२३ जून

दादा,

खोटं कशाला बोलू? काढला. पहिल्याच आठवड्यात काढला होता.

तुला वाटेल, एवढ्या उंचावर काय मजा येत असेल. मजा नाही. इथे हवा पातळ आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर कापड इतकं विरलंय की टाकाच धरत नाही. पंखे घरी फिरायचे त्याहून कितीतरी जोरात फिरतात, नुसते किंचाळतात, आणि भुंगा वर जातो तो कसा, तर म्हातारं माणूस जिना चढतं तसा. खाली येताना मात्र घाई. रिमोटची दांडी जरा सैल सोडली की धपकन बसतो. म्हणून डावा अंगठा सारखा वरच्या बाजूला दाबून ठेवावा लागतो. डावा अंगठा म्हणजे उंची. उजवा म्हणजे मागेपुढे. हे तुला मी घरीच सांगितलं होतं, तू म्हणाला होतास, शिलाई मशीनला निदान पाय तरी लागतात.

बॅटरीचंही तसंच. घरी पंचवीस मिनिटं चालायची, इथे बारा मिळाली तरी खूप. थंडीत ती माणसासारखी वागते. निम्मी आहे असं दाखवते आणि एकदम बसकण मारते. म्हणून बॅटऱ्या अंगाशी गरम ठेवायच्या. मी बनियनला आतून दोन खिसे शिवलेत. हसू नकोस. टीप वाकडी आहे, टाके बारीकमोठे आहेत, बाबांनी पाहिले तर मला दुकानाच्या पायरीवरूनच हाकलतील. पण शिवताना तुझी आठवण आली एवढं लिहितो. दोऱ्याला गाठ मारताना तू जीभ बाहेर काढतोस, तशी माझीही निघाली.

उडवतो कधी विचारशील तर जेवणाच्या सुट्टीत. सगळे उन्हाला पाठ देऊन पडतात. मी तेवढ्यात तो दोनशे फूट वर नेतो आणि फोनवर बघत बसतो. काही दिसत नाही खास. दगड, बर्फाचे उरलेसुरले पट्टे, आमचे सहा पत्रे, आणि एक माणूस मान खाली घालून फोन बघतोय, तो मी.

उतरवायला सपाट जागा नाही. दगड आहेत नाहीतर बारीक भुकटी, ती मोटारीत जाते. सगळे हातातच पकडतात अशा ठिकाणी. पैलवान रोज म्हणतो, 'दे की, मी पकडतो.' मी देत नाही. एका हातात रिमोट धरून दुसऱ्या हाताने माझा मीच पकडतो. दुसऱ्याचा हात मधे नको.

का ते विचारू नकोस.

७ जुलै

दादा,

वहिनींचं पत्र आलं. तीनदा वाचलं. ट्रक शनिवारी येतो, रेशन, डिझेल आणि टपाल एकत्रच, त्यामुळे सगळ्या बातम्यांना डिझेलचा वास येतो. या बातमीला जास्तच आला.

बाबांनी नवा कटर ठेवला. कापायच्या टेबलापाशी आता तो उभा राहतो आणि तू मागे इस्त्री करतोस. आणि एक ऑक्टोबरला बाबा त्याला भागीदार करून घेणार, कागद तयार होताहेत. वहिनींनी लिहिलंय, तू डाव्या हाताची कात्री मागितलीस तर बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, 'आधी खेळणं, आता कात्री. पस्तिशीच्या माणसाने खेळण्यापायी हात घालवला, आणखी किती पैसे घालू?' आणि तू काय केलंस, तर इस्त्रीत पाणी भरलंस.

मला इतका राग आला की चकती हातातून सुटली. पगारातून कापतील.

का बोलत नाहीस तू? बारा वर्षं त्या टेबलापाशी उभा राहिलास. कोटाची पाठ तू खडूची एकच रेघ मारून कापायचास, बाबांनाही ते जमत नाही, हे ते स्वतः म्हणायचे. आणि आता कोण कुठला तो येऊन तुझी पट्टी वापरतो. बोल ना एकदा.

(हे लिहून पत्र ठेवून दिलं होतं. आता संध्याकाळी पुढे लिहितोय.)

मला माहीत आहे तू का बोलत नाहीस. त्याला फार शिकलेलं असायला लागत नाही, आठवीतून उठलेल्यालाही कळतं. बाबांनी मला शेवटचं सांगितलं होतं, 'पुन्हा गल्ल्याला हात लावलास तर घराचं दार बंद.' मोबाइलच्या वेळी सांगितलं, मोटारसायकलच्या वेळी सांगितलं. तिसऱ्यांदा मी भुंगा आणला. तुला कळलं तेव्हा तू एक रात्रभर बोलला नाहीस आणि सकाळी म्हणालास, 'आता आणलाच आहे तर उडवून तरी दाखव.' चार दिवसांनी गच्चीवर रक्त सांडलं आणि तू एका दमात दोन्ही अंगावर घेतलंस. पैसेही आणि भुंगाही. मी घरात राहावं म्हणून.

आणि मी महिन्यात निघून आलो.

वहिनी म्हणतात तुला तेच लागलंय. हाताचं नाही, तेच. तर ऐक, मी का आलो. तू जेवताना चमचा डाव्या हाताने धरायचास. उजव्या हाताची ती दोन बोटं सरळच्या सरळ, ताटाच्या कडेवर टेकलेली, जशी कोणाची तरी दुसऱ्याचीच ठेवायला दिलीत. बाबा त्यांच्याकडे बघायचे, मग तुझ्याकडे, मग म्हणायचे, 'वाढा.' माझ्याकडे कोणी बघायचंच नाही. मला घास जाईना. एवढंच. कामाबिमाचं निमित्त होतं.

शिव्या द्यायच्या तर वहिनींच्या हातून नको देऊस. त्या फार सौम्य करून लिहितात.

२८ जुलै

दादा,

एक गोष्ट झाली आहे. आधी साधी सांगतो.

आमचे इंजिनियर साहेब बऱ्या स्वभावाचे आहेत. पोट सुटलेलं, पण चढावर आमच्या पुढे. एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबरच्या टॉवरमध्ये मोठी दरी आहे. तार पलीकडे न्यायची तर आधी दोरा न्यावा लागतो. दोऱ्याला बांधून सुतळी, सुतळीला दोर, दोराला पोलादी दोर, असं करत शेवटी तार. तो पहिला दोरा घेऊन चार माणसं दरीत उतरतात आणि पलीकडे चढतात, दोन दिवस जातात. मागच्या वर्षी एकाचा पाय गेला त्यात.

साहेबांनी मला भुंगा उडवताना पाहिलं. मला वाटलं आता घेतात काढून. तर म्हणाले, 'काय रे, मासे पकडायचा दोरा नेईल का हा पलीकडे?'

मी म्हटलं, 'साहेब, तो स्वतःलाच कसाबसा नेतो.'

'बघू तरी. फोन दे.'

त्यांनी फोनमध्ये कुठेतरी आत जाऊन एक यादी उघडली. मला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवसापासून भुंगा जितक्या वेळा उडाला तितक्या सगळ्या उड्डाणांची नोंद आहे त्यात. किती उंच गेला, बॅटरी केव्हा बसली, सगळं. परवाचं उड्डाण लावलं तर पडद्यावर रेघ चालायला लागली आणि खाली दोन गोल, गोलात एकेक ठिपका. साहेब म्हणाले, 'हे तुझे दोन अंगठे. कुठल्या सेकंदाला तू कुठली दांडी कुठे ढकललीस ते दिसतं. यंत्र पडलं की कंपनीला कळतं, चूक यंत्राची की माणसाची.'

मग ते यादी खाली खाली सरकवत गेले. तळाशी पोचले. 'हे कुठलं रे? उंची तीन मीटर, चार मिनिटं. घरात उडवत होतास?'

मी म्हटलं, 'जुनं आहे साहेब,' आणि फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

साधी गोष्ट संपली. आता दुसरी.

जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या पोत्यांमागे जाऊन मी ते लावलं. आवाज नाही, चित्र नाही, नुसते ते दोन ठिपके. पण मला सगळं दिसलं. भुंगा खाली येतोय. गच्चीची टाकी डाव्या बाजूला. वाळत घातलेल्या चादरी. मी म्हणतोय, 'दादा, पकड, खालून पकड, काही होत नाही.' हो, मीच म्हणालो होतो. तू म्हणालास, 'चावणार नाही ना?' आणि हात पुढे केलास.

तू पकडला होतास, दादा. नीट पकडला होतास. तीन मिनिटं एकावन्न सेकंद. तिथे डावा अंगठा पूर्ण खाली हवा. खाली दाबून धरला की मोटार बंद होते. तो जरा कलला तुझ्या हातात. मला वाटलं पडतोय, एवढ्या पैशांची वस्तू पडतेय. डावा ठिपका वर गेला. अर्धा नाही, पार गोलाच्या कडेपर्यंत. दीड सेकंद तिथेच. भुंग्याने तुझ्या हातात उसळी मारली.

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार होतो. पण अंगठ्याला माहीत होतं. म्हणूनच मी कोणाला पकडायला देत नाही.

त्या यादीत नोंद पुसायचीही सोय आहे. 'कायमचं पुसायचं?' असं फोन विचारतो. मी 'नाही' दाबलं. मग पुन्हा उघडलं. पुन्हा विचारलं त्याने. असं तीन वेळा झालं. तोवर सुट्टी संपली.

पुसली नाही. बाबांना लिहू का?

१८ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं.

पाकिटावरचं अक्षर बघून पैलवान म्हणाला, 'घरी बारकं पोर आहे वाटतं?' मी म्हटलं, 'नाही, माझा मोठा भाऊ आहे, डाव्या हाताने लिहायला शिकतोय.' तो स्वतः डावखुरा आहे. पत्र उलटंसुलटं करून बघितलं त्याने आणि म्हणाला, 'तीन महिन्यांत सुधारेल. काना मोठा काढतोय, म्हणजे मनगट मोकळं झालंय.' जाणकारासारखं सांगत होता.

मी तुझ्या सहा ओळी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे तुला कळेल की सगळं नीट वाचता आलं.

'अंगठ्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. मी समोर उभा होतो, रिमोट दिसत होता. बाबांना लिहू नकोस. लिहून बोटं वाकणार नाहीत. तू घरात राहावास म्हणून खोटं बोललो, ते तरी फुकट घालवू नकोस. थंडीत बोटं सांभाळ.'

म्हणजे तुला माहीत होतं. चार महिने. तुझ्या हातातून रक्त धो धो वाहतंय आणि बाबा जिन्यावर आहेत, तेवढ्यात तू हे सगळं ठरवलंस. मला एक शर्ट निवडायला अर्धा तास लागतो.

पण दादा, तुझं खोटं फुकट गेलंय रे. मी घरात आहे कुठे? मी इथे पत्र्याखाली आहे आणि तू इस्त्रीपाशी. ज्याच्यासाठी बोललास तो निघून आला आणि जे बोललास तेवढं घरात उरलं. आता त्याचं करायचं काय? एक ऑक्टोबरला कागद झाले की टेबल गेलं. मग बाबांना कधीतरी कळलं तरी ते कोणाला उठवणार? सही केलेला शब्द मोडणाऱ्यांतले नाहीत ते.

तू म्हणतोस लिहू नकोस. मी म्हणतो लिहितो. मग चार दिवस लिहीत नाही. कागद काढतो, 'बाबा' एवढं लिहितो आणि पुढे काय लिहायचं सुचत नाही. भीती दाराची नाही आता. दार तसंही लांब आहे. बाबा ते वाचतील, चष्मा काढतील, आणि तुला हाक मारतील. तू मागून येशील, हात पुसत. तेव्हा ते तुझ्याकडे बघतील, त्या बघण्याची भीती वाटते. तू म्हणशील, 'पोरगं काहीही लिहितं.' आणि पुन्हा अंगावर घेशील. ओळखतो मी तुला.

वहिनी म्हणतात तू मागच्या खोलीत डाव्या हाताने वर्तमानपत्रं कापतोस आणि कात्री कागद चावते. पैलवान म्हणाला चावणारच. उजव्या कात्रीची पाती उलटी बसतात, डाव्या हातात धरली की रेघच झाकते. हे तुला माहीत असेलच. तरी लिहिलं.

६ सप्टेंबर

दादा,

परवा दोरा नेला.

साहेबांनी तीन दिवस वाऱ्याकडे बघण्यात घालवले. इथे दहानंतर वारा सुटतो तो अंधारापर्यंत थांबत नाही, म्हणून सकाळी आठची वेळ धरली. भुंग्याच्या पोटाला मासे पकडायचा दोरा बांधला. आधी मी गाठ मारली तर पैलवानाने सोडवून स्वतः मारली. मग तो आणि अजून दोघं आदल्याच दिवशी वरच्या लांबच्या वाटेने फिरून बेचाळीस नंबरच्या टॉवरपाशी जाऊन बसले. तिथे उतरवायला जागा नाही. खडकाची एक फळी आहे, दोन खाटांएवढी, मग सरळ दरी. ठरलं असं की पैलवान हातात पकडेल. मी म्हटलं, 'साहेब, हातात नको.' साहेब म्हणाले, 'अरे, तीन महिने तूच पकडतोस की रोज.'

दोन्ही बॅटऱ्या सकाळपासून अंगाशी होत्या. त्यातली जास्त गरम ती घातली. निघाला. दरीवर गेला तसा दोरा मागे ओढायला लागला. जितका पुढे जाईल तितका दोरा जड. पंखे असे ओरडत होते की मुकादमाने कानावर हात ठेवले. मी डावा अंगठा वर दाबून धरलेला, पार वर, आणि तरी तो हळूहळू खालीच बसत होता. निम्म्या दरीपाशी बॅटरी साठवर होती. पलीकडचा खडक दिसायला लागला तेव्हा अडतीस. मग एकदम एकोणीस.

फोनच्या पडद्यावर मला पैलवान दिसला. फळीवर उभा, एक हात टॉवरला, दुसरा पुढे केलेला. डावा हात. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज, 'ये ये, आण. अजून जरा. माझ्या हातात दे.'

मी म्हटलं, 'हात खाली घे.'

'अरे आलाय की हातात!'

'हात खाली घे म्हणतो ना! खिशात घाल!'

'खिशात काय घालू? पडेल तो!'

'पडू दे! मागे सर, टॉवरला चिकट!'

साहेब माझ्या खांद्याशी उभे होते. म्हणाले, 'काय करतोयस?' पडद्यावरून हात गेला. नुसता खडक राहिला. भुंगा कलला, अगदी तसाच, आणि माझा अंगठा आपोआप वर निघाला, दादा, खरंच निघाला होता. मी त्याला खाली आणला. पार खाली दाबून धरला. मोटारी थांबल्या आणि तो माणसाच्या उंचीवरून पाठीवर आपटला. पडद्यावर आभाळ आलं आणि मग काहीच नाही.

थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर पैलवान म्हणाला, 'दोऱ्यावर पाय दिलाय मी. भुंग्याचे दोन पंखे गेले, एक पाय मोडला.' मग म्हणाला, 'माझे दोन्ही हात आहेत.' त्याला वाटलं तो विनोद करतोय.

साहेब म्हणाले, 'फोडलास की रे. हातात देता आला असता.'

मी म्हटलं, 'हो साहेब.'

मी डावा अंगठा मुठीत धरून बसलो. सगळ्यांना वाटलं थंडीमुळे.

दोरा मात्र गेला. दोऱ्यामागे सुतळी, सुतळीमागे दोर, आज पोलादी दोर पलीकडे पोचला. दरीत कोणी उतरलं नाही.

तू म्हणाला होतास ना, फोडून टाक. फोडला. पैलवान परत येताना त्याला टोपीत घालून घेऊन आला. साहेब म्हणाले तसाच विकत घेतो, दुरुस्त करून कॅम्पला ठेवतो, पुढच्या दऱ्यांनाही लागेल. मी हो म्हटलं. फोन दिला नाही. नोंद फोनमध्ये आहे.

बाबांना लिहितोय. तू नको म्हणालास ते वाचलंय मी, नीट वाचलंय, आणि तरी लिहितोय. मोठा भाऊ म्हणून आजवर तुझं एवढं ऐकलं, म्हणजे ऐकलं नाहीच कधी, तेव्हा आता कशाला सुरुवात करू?

बोटं सांभाळतोय.

१३ सप्टेंबर

बाबा,

पत्र माझं आहे. दादाचं अक्षर नाही, माझंच आहे. पहिल्यांदाच तुम्हाला लिहितोय, चूकभूल असेल.

ते खेळणं दादाने आणलं नव्हतं. मी आणलं. गल्ल्यातले पैसे मी उचलले, तुम्ही दोनदा बजावल्यावर तिसऱ्यांदा. दादाला आधी माहीत नव्हतं. उडवतही दादा नव्हता. रिमोट माझ्या हातात होता. दादाला मी म्हटलं पकड, म्हणून त्याने हात पुढे केला, आणि त्याने बरोबर पकडला होता. चूक माझ्या डाव्या अंगठ्याची झाली. अंगठा खाली दाबायचा तिथे मी दीड सेकंद वर दाबला. यंत्रात त्याची नोंद आहे. ती बघून सेकंद आणि ठिपके सोबतच्या कागदावर काढून दिलेत. ते समजले नाहीत तर वहिनींना दाखवा. नोंद बघायची असेल तर फोन घेऊन येतो. दार बंद असलं तर बाहेर उभा राहून दाखवीन.

दादाला विचारू नका. विचारलंत तर तो पुन्हा स्वतःवरच घेईल. त्याला सवय झाली आहे आणि ती मी लावली. तुम्ही त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलता ते माझं आहे, मला बोला. आल्यावर बोला, गिऱ्हाईक असतानाच बोला.

नव्या माणसाच्या कागदांवर सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, दुकान तुमचं आहे. पण हे वाचून मग करा. दादाची दोन बोटं वाकत नाहीत, नजर तशीच आहे. कोटाची पाठ तो नजरेने कापायचा, बोटांनी नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात. इथे माझ्या शेजारच्या खाटेवर एक डावखुरा माणूस आहे, तो मी मारलेली गाठ सोडवून स्वतःची मारतो आणि ती सुटत नाही. त्या गाठीवर आम्ही अख्खी दरी ओलांडली.

भुंगा विकला. त्याचे आणि पगारातले मिळून ट्रकवाल्याबरोबर खाली बँकेत तुमच्या नावावर भरायला दिलेत. गल्ल्यातून घेतले होते तेवढे गल्ल्यात टाका. वरचे डाव्या हाताच्या कात्रीचे आहेत. कात्री दादालाच निवडू द्या, त्याच्या हाताला बसेल ती.

एकूण चौतीस हजार दोनशे.